वन्संना न कळणारा खुनी

२ जानेवारी, सकाळ

नव्या वर्षाचे संकल्प. बारावी रहस्यकादंबरी लिहून पूर्ण करणे. रोज पहाटे पाचला उठणे. रोज दहा पानं. कुणाशीही भांडण नाही, म्हणजे कारणाशिवाय नाही.

आज सव्वासातला उठले. पहिला दिवस धरत नाहीत.

दुपार

प्रकाशकांच्या ऑफिसात जाऊन आले. थोरले प्रकाशक आता घरी बसून गुडघे सांभाळतात. त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी आहे. तिला इथे धाकटी म्हणेन. ती मला मावशी म्हणते. अकरा रहस्यकादंबऱ्या लिहिलेल्या बाईला मावशी म्हणू नये, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. हो मावशी, म्हणाली.

मग म्हणाली, रागावू नका, पण मागच्या तिन्ही पुस्तकांत वाचकांना खुनी तिसऱ्याच प्रकरणात कळला. मी म्हटलं, शेवट वाचून झाला की सगळ्यांनाच आधीपासून कळलेलं असतं. ती म्हणाली, मलाही कळला होता. मी म्हटलं, तू प्रकाशकाची मुलगी, तुझं वेगळं. त्यावर म्हणाली, बाबांना तुम्हाला नाही म्हणायला जमायचं नाही, मला जमतं.

अट अशी. मार्चअखेर कादंबरी न्यायची आणि सोबत माझ्या पसंतीचा एक वाचक. त्याने शेवटचं प्रकरण सोडून बाकी सगळं वाचलेलं असेल. धाकटी त्याला समोर बसवून विचारणार, खुनी कोण? त्याने बरोबर सांगितलं तर पुस्तक निघणार नाही. हे नाही आणि पुढचंही नाही. म्हणजे माझा गुप्तहेर ससाणा कायमचा बंद. ज्याने अकरा पुस्तकांत एक केस हरलेली नाही, तो ससाणा एका पोरीच्या अटीवर बंद!

जिना उतरताना मी मोठ्यांदा हसले. वाचक मी निवडायचा म्हणजे पोरीने हुकमाचं पान माझ्याच हातात दिलं की. खालचा वॉचमन दचकला. त्याला म्हटलं, नीट उभा राहा.

३ जानेवारी

वाचकाची निवड केली. अतिशय विचारपूर्वक.

हे नकोत. ह्यांना दुसऱ्या पानावर झोप लागते. मागचं पुस्तक ह्यांना फार गुणकारी वाटलं होतं, ते मी इतके दिवस कौतुक समजत होते.

लेक नको. वकील आहे. प्रत्येक वाक्याला पुरावा मागते.

वन्सं! ह्यांची धाकटी बहीण, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. एकदा हॉल चुकून परक्याच लग्नात शिरल्या. जेवल्या, नवरीला भेट दिली, तिच्या आईच्या गळ्यात पडून रडल्या, फोटोलाही उभ्या राहिल्या. घरी आल्यावर कसं झालं विचारलं, तर म्हणाल्या, फार छान, पण आपल्यापैकी कुणी दिसलं नाही. अशा बाईला माझा खुनी सापडला तर लिहिणं सोडीन.

वन्संना जाऊन सांगितलं. टाळीच वाजवली त्यांनी. अय्या वहिनी, मला? आणि माझं काही चुकलं म्हणजे? मी म्हटलं, वन्सं, तुम्ही मनमुराद चुका.

९ जानेवारी

प्लॉट तयार. एक कारखानदार आपल्या बंगल्यातल्या काचघरात कुंड्यांच्या मधोमध मरून पडलेला. मानेवर सुईची खूण. बंगल्यात त्या वेळी पाच जण: बायको, पुतण्या, सेक्रेटरी, डॉक्टर आणि माळी. ससाणा येतो.

खुनी डॉक्टर. कुणाला स्वप्नातही वाटणार नाही, कारण मी त्याला इतका प्रेमळ केलाय. गरिबांना फुकट तपासतो. इंजेक्शन देताना स्वतःच हळहळतो.

कुठलाही खून घरी करून बघितल्याशिवाय मी लिहीत नाही. ही माझी पद्धत आहे. हॉलमध्ये सतरंजी घालून ह्यांना प्रेत म्हणून आडवं केलं, भोवती गॅलरीतल्या कुंड्या मांडल्या आणि मी आळीपाळीने पाची जण झाले. सेक्रेटरी होऊन किंचाळत आत शिरले तर प्रेत घोरत होतं. मी म्हटलं, ऑफिसातही असंच करत होतात का? हे म्हणाले, ऑफिसात मला कुणी इतक्या प्रेमाने आडवं केलं नाही. मी परत किंचाळले. दारात कुरिअरवाला उभा होता, तो सही न घेताच गेला.

२४ जानेवारी

पहिली आठ प्रकरणं वन्संना दिली. लेखन जोरात आहे. पहाटे पाचचं अजून जमलेलं नाही, पण रोज उठल्यावर पहिला विचार तोच असतो.

२७ जानेवारी

वन्सं खाली आल्या. वहिनी, काय लिहिलंय हो! त्या कुंड्या तर अगदी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण तो डॉक्टर मेला मुलखाचा लबाड, नाही का? मी शांतपणे विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, असंच आपलं. तोच ना?

निव्वळ योगायोग. पाचातला एक, कुणाचाही अंदाज लागेल. चहा बशीत सांडला, कारण कपच काठोकाठ भरला होता.

२८ जानेवारी

निर्णय: खुनी बदलायचा. ह्यात कमीपणा काही नाही. चांगल्या लेखकाकडे खुनी राखीव असतातच.

आता खुनी माळी. सगळं परत लिहायची गरज नाही. कॉम्प्युटरला हुकूम दिला, जिथे जिथे डॉक्टर आहे तिथे माळी कर. एका क्षणात केलं. मग सांगितलं, जिथे जिथे माळी आहे तिथे डॉक्टर कर. तेही एका क्षणात केलं. पहिल्या हुकमाने बंगल्यात दोन माळी झाले आणि दुसऱ्याने दोन डॉक्टर. आता कुठला कोण ते मलाच ओळखू येईना. यंत्राला डोकं नसतं.

हाताने दुरुस्त करते आहे.

११ फेब्रुवारी

नवा ड्राफ्ट वन्संकडे. काही जागा नजरेतून सुटल्या असतील. वन्संच्या लक्षात यायच्या नाहीत.

१३ फेब्रुवारी

लक्षात आल्या. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तो माळी बाईसाहेबांची नाडी का बघतो? मी म्हटलं, हौस असते एकेकाला. आणि डॉक्टर सकाळी उठून गुलाबांना खत का घालतो? तीही हौस. बरं, म्हणाल्या, ते असू दे, पण खून माळ्यानेच केला. कसा गोड गोड बोलतो बघा, मला नाही आवडला. आणि पहिल्या ड्राफ्टमधला तो डॉक्टर आता इतका खेकसायला लागलाय, म्हणजे बिचारा सुटलाच.

योगायोग दोनदाही होतो. शास्त्रात बसतं ते.

१५ फेब्रुवारी

नाही बसत. कुणीतरी फोडतंय. माझा प्लॉट माझ्याखेरीज फक्त प्रेताला माहीत आहे.

दुपारी ह्यांना टेबलाशी बसवलं, तोंडावर दिवा सोडला आणि ससाण्याच्या पद्धतीने उलटतपासणी घेतली. आधी बराच वेळ नुसतं बघत राहिले. हे घाम पुसायला लागले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले. पण फक्त बिस्किटांबद्दल. डबा माळ्यावर ठेवलेला ह्यांना कसा सापडला, ते वेगळं बघावं लागेल.

१७ फेब्रुवारी

वन्संच्या पाळतीवर गेले. वर्तमानपत्राला दोन भोकं पाडून घेतली होती. वन्सं आधी शिंप्याकडे गेल्या, तिथे बाहीवरून वाद घातला आणि मग बागेत येऊन बाकावर बसल्या. मी समोरच्या बाकावर, पेपरच्या आड. संशयास्पद असं कुणीही त्यांना भेटलं नाही. जरा वेळाने तिकडूनच मोठ्याने हाक आली. अहो वहिनी, ती भोकं शब्दकोड्याच्या पानाला पाडलीत का हो? आजचं मी अजून सोडवलं नव्हतं!

शब्दकोडी सोडवतात म्हणे, रोज. पेनने. वेळ घालवायला माणसं काय काय करतात.

निष्कर्ष: वन्संचा कुणाशीही संपर्क नाही. संशयाला जागा नाही. म्हणजे अर्थातच नशीब.

२३ फेब्रुवारी

खुनी पुतण्या. वन्संनी ओळखला.

२ मार्च

खुनी बायको. ओळखली. वर म्हणाल्या, वहिनी, तिला निदान एखादी साडी तरी चांगली द्या, तुरुंगात जायचंय बिचारीला.

७ मार्च

खुनी सेक्रेटरी. ह्या वेळी मी सगळी अक्कल पणाला लावली. अख्ख्या कादंबरीत सेक्रेटरी एकदाच येते, दार उघडते आणि जाते. तिच्यावर वाक्य एकच: किती गुणी मुलगी!

ओळखली. दार उघडतानाच.

८ मार्च, सकाळ

अंघोळ करताना सुचलं. ओल्या केसांनी बाहेर येऊन लिहून ठेवते आहे.

खुनी ससाणा! गुप्तहेरच खुनी! अकरा पुस्तकं ज्याच्यावर वाचकांनी विश्वास ठेवला, तोच! काळजावर दगड ठेवावा लागेल, पण त्याला वाचवायचं तर त्याला फासावर द्यावंच लागेल. त्याला फाशी दिल्यावर सिरीज पुढे कशी चालेल, असं हे म्हणाले. तांत्रिक मुद्दे ह्यांना नेहमी नको तेव्हा सुचतात.

१२ मार्च

वन्सं रडतच खाली आल्या. वहिनी, अहो, ससाणा? त्याने त्या वाटेतल्या म्हातारीची जड पिशवी घरापर्यंत उचलून नेली तेव्हाच मी ओळखलं. अकरा पुस्तकांत त्याने कधी कुणाला अशी मदत केली नाही हो!

माझा आवाज थोडा चढला. वन्संना सरळ विचारलं, तुम्हाला कळतं कसं?

वन्सं आधी नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, राग मानू नका, पण सोपं आहे. तुम्ही ज्याच्याबद्दल दोन शब्द चांगले लिहिता, तोच खुनी असतो. बाकीच्या सगळ्यांना तुम्ही फैलावर घेता. आळशी, बावळट, जिभेने तिखट, नाक मोठं. मधेच एकाला कसा प्रेमळ, कसा गुणी, असं म्हटलं की मी ओळखते, ह्याचं काही खरं नाही. अहो वहिनी, चांगला माणूस दिसला की तुम्हालाच आधी संशय येतो. आमच्या दादाला इतक्या वर्षांत तुम्ही कधी बरं म्हटलं नाही, म्हणून तर मी निश्चिंत आहे.

आतल्या खोलीत हे खोकले. तो खोकला नव्हता.

१३ मार्च

वन्संचं म्हणणं साफ खोटं आहे. मी कौतुक करते, योग्य तिथे. सिद्ध करायला फार वेळ लागला नाही.

सकाळी ह्यांना म्हटलं, चहा उत्तम झालाय. ह्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चहा उत्तम आहे. माझे रिपोर्ट आले का, म्हणाले. कसले रिपोर्ट? तेच विचारतोय, म्हणाले, आणि दिवसभर हळू चालत होते.

मग लेकीला फोन केला आणि म्हटलं, तुझा आवाज छान आहे. लेक म्हणाली, आई, बाबांना फोन दे. लगेच.

ह्या घरात कौतुक स्वीकारायची कुणाला सवय नाही. दोष माझा नाही.

१४ मार्च

तरीही वन्संची चावी आता माझ्या हातात आहे. एकाचं कौतुक केलं तर तो सापडतो. पाची जणांचं केलं तर? ससाण्याचं, प्रेताचं, सगळ्यांचंच केलं तर? वन्सं कौतुकाच्या जंगलात हरवून जातील! इतकी साधी गोष्ट आजवर एकाही रहस्यलेखकाला सुचली नाही.

आज दिवसभरात एकच वाक्य लिहून झालं: बायको नीटनेटकी होती. थकले.

१६ मार्च

शब्द कमी पडतात. दयाळू, कष्टाळू, मायाळू झाले. लाजाळू घातलं होतं, पण कारखानदाराला शोभेना.

१९ मार्च

पहाटे पाचला जाग आली! आपणहून! पुतण्याला एक लंगडा कुत्रा दिला. डॉक्टरने त्याच्या पायाला पट्टी बांधली. माळ्याने त्याच्यासाठी काचघरात जुनं पोतं घातलं. सेक्रेटरी बॉसच्या नकळत त्याला डब्यातलं खायला घालते आणि बॉस बघून न बघितल्यासारखं करतो. न्याहारीपर्यंत वीस पानं झाली. हे बाहेर येऊन म्हणाले, अगं, तू गुणगुणतेयस. मी म्हटलं, खुनाची तयारी आहे.

२१ मार्च

ससाणा कारखानदाराच्या बायकोचं सांत्वन करायला बसला आणि प्रकरणभर उठेना. जबाब घ्यायचा राहिला. असू दे. खुनी आता इतका खोल दडलाय की त्याला स्वतःलाही कळायचं नाही.

२३ मार्च

ड्राफ्ट पूर्ण, शेवटचं प्रकरण सोडून. एक प्रत वन्संना दिली, एक धाकटीला पाठवली.

२६ मार्च, दुपार

वन्सं आल्या. डोळे लाल. वहिनी, मी हरले बाई. दोनदा वाचलं. सगळी इतकी चांगली माणसं, कुणावर बोट ठेवू? डॉक्टरवर संशय घेतला तर रात्र जागून त्याने कुत्र्याला औषध पाजलेलं आठवतं. तुम्हीच सांगा कोण ते.

मी सांगितलं नाही. दार लावून घेतलं आणि हॉलमध्ये सतरंजीवर नाचले. ह्यांनाही हात धरून उठवलं. हे म्हणाले, आज मला मरायचं आहे का? म्हटलं, नाही, आज गिरकी घ्यायची आहे. घेतली. कंबर धरली, माझी.

बारावी कादंबरी! ससाणा अमर!

३१ मार्च, सकाळ

ठेवणीतली साडी. पिशवीत शेवटचं प्रकरण टाकायला गेले आणि लक्षात आलं की ते लिहिलेलंच नाही. घाबरायचं कारण नाही. एवढं प्रचंड रहस्य उभं केल्यावर खुनी कोण ही किरकोळ बाब राहते. टॅक्सीत ठरवीन.

संध्याकाळ

टॅक्सीत आधी डॉक्टर धरला. तर तो त्या रात्री कुत्र्यापाशी होता, मीच लिहिलंय. माळी? त्याच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून तो कीड लागलेलं झाडसुद्धा उपटत नाही. पुतण्याला काका म्हणजे जीव की प्राण. बायको, सेक्रेटरी, छे. ससाणा तर आता मुंगी ओलांडून जातो. मी खिडकीतून बाहेर बघत एकेकाला तपासत होते, वन्सं शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होत्या. टॅक्सी थांबली तेव्हा सगळे निर्दोष सुटले होते.

धाकटीने वन्संना समोर बसवलं. खुनी कोण? वन्सं म्हणाल्या, मला नाही कळलं हो, खरंच नाही. आणि पदराने डोळे पुसले. मी खुर्चीत ताठ बसले. जिंकले होते. धाकटी म्हणाली, कमाल आहे मावशी, मलाही नाही कळला. द्या आता शेवटचं प्रकरण.

मी म्हटलं, सस्पेन्स आहे. ती म्हणाली, प्रकाशकापासून? मग नुसतं नाव सांगा. मी म्हटलं, डॉक्टर. त्यासरशी वन्सं उठूनच उभ्या राहिल्या. शक्यच नाही! तो कुत्र्यापाशी होता! धाकटी म्हणाली, बरोबर, पान एकशे बारा. मी म्हटलं, बरं, माळी. दोघी एकदम म्हणाल्या, माळी? मी पुतण्या म्हटलं, तर धाकटीने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. माझ्याच पुस्तकातले पुरावे काढून दोघींनी माझे सहाच्या सहा संशयित सोडवून नेले. इतका भक्कम बचाव माझ्या लेकीलाही कोर्टात जमला नसता.

शेवटी धाकटीने विचारलं, मावशी, तुम्हाला तरी माहीत आहे का?

मी छताकडे बघत बसले. पंखा साफ करायला झालाय त्यांचा.

मग ती म्हणाली, पुस्तक मी काढते. ह्याच वर्षी. वाचताना तीनदा हसले, एकदा रडले, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. फक्त एक विचारते. कारखानदाराने मरायलाच हवं का?

मी म्हटलं, मी रहस्यकथा लेखिका आहे. ती म्हणाली, हो ना, हे तुम्ही लिहिलंय हेच मोठं रहस्य आहे. कौटुंबिक कादंबरी म्हणून काढू. कव्हरवर काचघर आणि कुत्रा.

खून नसेल तर ससाणा कशाला, असं मी विचारलं. राहू द्या की, म्हणाली. घरात एक माणूस जास्त असलेला बरा असतो.

वन्संनी तिथेच तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी त्यांना सांगितलं, ऑफिसात असं करू नये.

४ एप्रिल

पहाटे पाचला उठले. नेटाने कामाला लागले. हा माघार घेण्याचा प्रकार नाही, साहित्याची दिशा बदलण्याचा आहे. इतरांना कळायला वेळ लागेल.

कारखानदाराला न्याहारीच्या आधी जिवंत केलं. मानेवरची ती खूण गुलाबाच्या काट्याची निघाली. डॉक्टरने मलम लावलं, बायको थोडं रागावली, सेक्रेटरी किंचाळली होती त्याबद्दल तिने सर्वांची माफी मागितली. वन्सं वरून दोनदा विचारून गेल्या, शुद्धीवर आले का हो ते?

ससाण्याचं काय करावं ते सुचत नाही. संशय घेण्यासारखं बंगल्यात आता काहीच उरलेलं नाही. सकाळभर तो भिंग हातात घेऊन काचघराच्या दारात उभा होता. शेवटी त्याला कुंड्यांना पाणी घालायला लावलं.